फ्लॅशकार्डचे खेळ: इंग्रजी शब्द मुलांच्या तोंडी बसावेत म्हणून

खेळ घेऊन झाला, वर्ग दणाणून गेला, मुलं खूश. दुसऱ्या दिवशी तीच कार्डं दाखवली तर निम्मी मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. शिकवायला नव्याने लागलेल्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. आदल्या दिवशी मुलं धावली, ओरडली, कार्डं हिसकावली, पण तो शब्द एकेकाच्या तोंडून फार तर एकदा निघाला होता. त्यामुळे कुठलाही खेळ निवडताना आधी एक हिशोब मांडावा: दहा मिनिटांत एका मुलाला शब्द किती वेळा ऐकून ओळखावा लागतो आणि किती वेळा स्वतः आठवून म्हणावा लागतो? खाली दिलेले खेळ आणि त्यांतले बदल याच हिशोबाने घेतले आहेत. मुलं साधारण ५ ते ९ वर्षांची धरली आहेत.

कार्डं बनवताना

वर्गापुढे धरून दाखवायचं कार्ड ए-४च्या निम्मं, म्हणजे ए-५ (१४८ × २१० मिमी) असलं की पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत दिसतं. मुलं त्याहून जास्त असतील तर पूर्ण ए-४ घ्या. बाकावर खेळायची छोटी कार्डं एका ए-४मधून आठ निघतात आणि तेवढा आकार पुरतो.

कागद २०० ते २५० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन; जास्त म्हणजे जाड) हवा. नेहमीचा ७०-८० जीएसएमचा कागद हातात लवतो, आणि मुख्य म्हणजे कार्ड पालथं ठेवलं तरी चित्र मागून दिसतं. हे मुलांच्या पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येतं आणि मग लक्षात ठेवायच्या खेळात कुणी काही लक्षात ठेवत नाही. पातळ कागदच हाताशी असेल तर मागून कार्डशीट चिकटवा, एका संचातल्या सगळ्यांना एकाच रंगाची. लॅमिनेशन करणार असाल तर मॅट फिल्म मागा. चकचकीत फिल्मवर खिडकीचा उजेड पडला की वर्गाच्या एका बाजूला चित्राऐवजी पांढरा पट्टा दिसतो. अशी कार्डं वरून किंचित पुढे झुकवून धरावीत. कोपरे गोल कापा, लॅमिनेशनचं टोक बोटाला चांगलंच लागतं.

चित्रात एकच गोष्ट असावी, मागे पांढरं. 'रन'साठी धावणारा मुलगा काढला की मुलं 'बॉय' म्हणतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. क्रियापदांच्या सगळ्या कार्डांवर तोच एक काड्यांचा माणूस काढा. माणूस तोच राहिला की नजर आपोआप कृतीवर जाते. 'बिग' आणि 'स्मॉल' यांसाठी एकाच कार्डावर तोच चेंडू दोन आकारांत काढून हव्या त्या चेंडूला बाण दाखवा. रंगाच्या कार्डावर वस्तू नकोच, नुसता रंगाचा चौकोन. चित्र पक्कं करण्याआधी शब्द न सांगता तिघांना दाखवून "हे काय?" असं विचारा, तीन वेगळी उत्तरं आली तर चित्र बदला.

चित्राखाली स्पेलिंग छापू नका. वाचता येणारं मूल चित्र सोडून अक्षरं वाचतं आणि न येणारं मूल अक्षरांकडे बघायचंच सोडून देतं. शब्द वेगळ्या शब्दपट्टीवर लिहा. तिची पाळी नंतर येते. देवनागरीत उच्चार लिहून देणं तर त्याहून वाईट. मग मूल कानांनी ऐकण्याऐवजी डोळ्यांनी ऐकायला लागतं, आणि 'थ्री'मधला 'थ' कायमचा आपल्या 'थाळी'तला होऊन बसतो.

शब्द किती आणि कोणते

५-६ वर्षांच्या मुलांना एका तासिकेत चार-पाच नवे शब्द, ७ ते ९ वयाच्या मुलांना सहा ते आठ. त्यात तेवढेच जुने मिसळा. सगळीच कार्डं नवी असली तर खेळ अडखळत चालतो.

बस, बॉल, टेबल, पेन, बॅग हे शब्द मराठी घरातलं मूल शाळेत येतानाच घेऊन येतं. ते 'नवे शब्द' म्हणून मोजू नका. नवा खेळ समजावायला वापरा. नियम नवे आणि शब्दही नवे अशी गाठ पडली की मुलं नियमांतच अडकतात.

पाठ्यपुस्तकं शब्द विषयवार देतात: आज अवयव, उद्या प्राणी. दिसायला हे सोयीचं असतं, पण एकाच जातकुळीतले नवे शब्द एकदम शिकले की ते एकमेकांत मिसळतात. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ साली हे प्रयोगातून दाखवलं, आणि रॉब वेअरिंग यांनी १९९७ साली जपानी विद्यार्थ्यांबरोबर तोच प्रयोग केला तेव्हाही असंच दिसलं. वर्गात त्याचा अर्थ एवढाच, की अवयवांचा पाठ असला तरी 'आर्म' आणि 'लेग' एकाच दिवशी काढू नका. 'लेफ्ट' पूर्ण मुरल्याशिवाय 'राइट' नको. कानाला जवळचे शब्दही असेच लांब ठेवा. 'किचन' आणि 'चिकन' एकत्र आले की पुढचे कित्येक दिवस दोन्ही उलटसुलट ऐकावे लागतात. 'शिप' आणि 'शीप' यांचंही तेच. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना फारसं नाही, त्यामुळे मुलांना तो फरक आधी ऐकूच येत नाही.

पहिल्यांदा दाखवणं

इथे हाताची एक सवय लावून घ्या. गठ्ठा छातीशी, चित्रं मुलांकडे. सगळ्यात पुढच्या कार्डावर काय आहे ते तुम्हाला दिसत नाही, आणि मान वाकवून बघायला गेलात की लय जाते, कधी गठ्ठाही जातो. त्यासाठी मोठ्या कार्डांच्या मागे वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरांत शब्द लिहून ठेवा आणि पुढचं कार्ड मागे टाकण्याऐवजी मागचं कार्ड पुढे आणा. तुमच्या नजरेसमोर नेहमी सगळ्यात मागच्या कार्डाची पाठ असते. तिथला शब्द वाचा, ते कार्ड उचलून पुढे लावा. मुलांना चित्र दिसतं त्या क्षणी शब्द तुमच्या ओठांवर तयार असतो. दहा मिनिटं घरी सराव केला तर वर्गात नजर मुलांवर राहते.

चित्र दाखवा, दोन सेकंद थांबा, मग शब्द म्हणा. पहिल्या दोन फेऱ्यांत मुलांनी फक्त ऐकायचं, तिसऱ्या फेरीपासून म्हणायचं. आधी सगळा वर्ग, मग एक रांग, मग जोडी, मग एकटं मूल. आणि शब्द नुसता देऊ नका: 'अ कॅट', 'ॲन अम्ब्रेला'. मराठीत 'अ' आणि 'ॲन'सारखं काही नसल्याने ते आपल्याला फालतू वाटतं. पण पहिल्या दिवशी नुसतं 'कॅट' शिकलेलं मूल पुढे वर्षभर 'धिस इज कॅट' म्हणत राहतं.

ऐकून ओळखणं

बोलायला लावायची घाई करू नका. नवा शब्द आधी कानांनी ओळखता आला पाहिजे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' पद्धत याच पायावर उभी आहे: आधी ऐकून शरीराने उत्तर द्या, तोंडाने नंतर.

सहा कार्डं वर्गाच्या चारही भिंतींवर लावा. तुम्ही शब्द म्हणायचा, मुलांनी जागेवरून बोट दाखवायचं. धावत जाऊन हात लावायला सांगितलं की लाजरी मुलं घोळक्यामागे जातात आणि शब्द कळला की नाही ते कळत नाही. बोट दाखवण्यातही नक्कल चालतेच. हुशार मुलाचं बोट जिकडे, तिकडे सगळ्यांची. दोन मिनिटांनी डोळे मिटायला लावा आणि खेळ तसाच चालू ठेवा. आता शेजारचं बोट दिसत नाही. कोण ठामपणे दाखवतंय, कुणाचं बोट हवेत चाचपडतंय, हे तुम्हाला एका नजरेत दिसतं. तपासणीची याहून सोपी रीत क्वचितच सापडेल.

मिटल्या डोळ्यांनीही सहापैकी पाच शब्द जमले की पुढे सरका.

बोलायला लावणारे खेळ

'खरं असेल तरच' हा खेळ सगळ्यात सोपा. कार्ड धरून शब्द म्हणा. जुळत असेल तर वर्गाने तो म्हणायचा, जुळत नसेल तर ओठांवर बोट ठेवून गप्प बसायचं. साध्या घोकंपट्टीपेक्षा हा बरा, कारण प्रत्येक वेळी म्हणण्याआधी ठरवावं लागतं. तीनात दोन खरे, एक खोटा असं प्रमाण ठेवा. खोटे जास्त झाले की चुकीच्या जोड्याच कानावर पडत राहतात. आणि खोटं म्हणताना चेहरा कोरा ठेवा; तुमच्या ओठांचा कोपरा हलला की मुलांना शब्द ऐकायची गरजच उरत नाही.

शब्द पक्के करायला सगळ्यात कामाचा खेळ मात्र दुसराच आहे, आणि त्यात ना पळापळ आहे ना गुण. त्याला 'गायब होणारी रांग' म्हणू.

१. सहा कार्डं फळ्यावर एका ओळीत लावा. खाली १ ते ६ आकडे लिहा.
२. टाळीच्या ठेक्यावर डावीकडून उजवीकडे सगळ्यांनी शब्द म्हणायचे, एका टाळीला एक कार्ड.
३. एक कार्ड पालथं करा. पुन्हा सहाही शब्द म्हणायचे, पालथ्या कार्डाचाही.
४. असं एकेक करत सगळी कार्डं पालथी होईपर्यंत चालू ठेवा.
५. शेवटी कोरी पाठ दिसणाऱ्या कार्डांवर उलटसुलट बोट ठेवून एकेकट्या मुलाला विचारा.

सात फेऱ्या, प्रत्येकीत सहा शब्द: चार-पाच मिनिटांत प्रत्येक मुलाने ४२ वेळा शब्द म्हटले, त्यातले निम्मे कोऱ्या कार्डाकडे बघून, आठवून. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढलेलं जास्त दिवस टिकतं हे रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली प्रयोगाने दाखवलं. शब्दांच्या बाबतीत त्याचा प्रत्यय या खेळात लगेच येतो.

फसतो कुठे? एक म्हणजे कार्डं पहिल्यापासून ओळीने पालथी केली जातात. ओळीचं पहिलं आणि शेवटचं आठवणं सोपं असतं, त्यामुळे आधी ४, मग २, मग ५ अशी मधली पालथी करा. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे: मुलं शब्द नाही, ओळ पाठ करतात, पाढे म्हणावेत तशी. पाचवी पायरी त्यासाठीच आहे, ती वेळ संपला म्हणून सोडू नका. तिथे मूल पहिल्यापासून मनात मोजत ओठ हलवताना दिसलं तर ओळ बदलून आणखी एक फेरी घ्या.

'काय गायब?' सगळ्यांना माहीत असतो. आठ कार्डं फळ्यावर, मुलांनी बाकावर डोकं टेकायचं, तुम्ही इंग्रजीत पाचपर्यंत मोजत एक कार्ड काढायचं, मग 'व्हॉट्स मिसिंग?' पहिल्या दोन फेऱ्यांनंतर मोकळी जागा उरलेल्या कार्डांनी बुजवून टाका, नाहीतर मुलं शब्द न आठवता नुसती जागा आठवतात. खरी अडचण असते ती सगळ्यात आधी ओरडणाऱ्या दोघांची. त्यांना गप्प करण्याऐवजी नियम बदला: उत्तर आधी शेजाऱ्याच्या कानात, मग तुमच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी एकदम. कानात सांगताना प्रत्येक मूल बोलतं, आणि उत्तर न आठवलेल्याला ते शेजाऱ्याकडून मिळतं.

कार्ड एका फाइलमध्ये घालून इंचाइंचाने वर सरकवायचं, हा खेळ अर्धी तासिका ताणू नका. तीन कार्डं पुरे. त्याचा उपयोग 'इज इट अ डॉग?' हे वाक्य मुलांच्या तोंडी बसवायला. नुसतं 'डॉग?' आलं तर कार्ड हलवायचं नाही.

जोड्या लावा

चार मुलांच्या गटाला सहा शब्दांची दोन-दोन, म्हणजे बारा छोटी कार्डं. तीन ओळींत चार-चार पालथी मांडायची. पाळी आली की दोन उलटायची, जुळली तर घ्यायची, नाही जुळली तर होती तिथेच परत ठेवायची.

असा सांगितलेला खेळ मुलं पूर्ण शांततेत, इंग्रजीचा एकही शब्द न उच्चारता शेवटपर्यंत खेळू शकतात, आणि खेळतात. त्यामुळे नियम पहिल्या दिवसापासून कडक हवा: कार्ड उलटलं की ते जागेवर असतानाच 'इट्स अ...' म्हणायचं. न म्हणता उचललेली जोडी परत जाते. परत पाठवायचा अधिकार उजव्या बाजूच्या मुलाचा, तुमचा नाही. दहा गटांवर एकट्याने लक्ष ठेवता येत नाही, पण प्रत्येक गटात एक टपून बसलेला पंच असला की काही सुटत नाही. जोडी जुळली तरी पाळी पुढे जाऊ द्या. 'जुळली की पुन्हा खेळा' या नेहमीच्या नियमाने एकच मूल पाच जोड्या घेऊन जातं आणि बाकीचे बघत बसतात.

बाराऐवजी वीस कार्डं मांडली तर लहान मुलांचा खेळ लांबतो, कंटाळा येतो आणि कार्डं हळूच उचलून बघणं सुरू होतं. छोट्या कार्डांच्या मागे पेन्सिलीने काही लिहू नये हे ओघानं आलंच. गटांचे संच मिसळू नयेत म्हणून प्रत्येक संचाच्या मागच्या कार्डशीटचा रंग वेगळा ठेवा. जमिनीवर पडलेलं कार्ड कुणाचं, हे मुलंच सांगतात.

थापटीची शर्यत

दोन संघ, दोन रांगा, फळ्यावर आठ कार्डं. शब्द ऐकला की रांगेतली पहिली दोघं धावून थाप मारतात. मुलांचा सगळ्यात लाडका खेळ, आणि बाहेरून बघणाऱ्याला वर्ग फार जिवंत वाटतो. आता हिशोब मांडा. चाळीस मुलं, दहा मिनिटं, एका थापेला पंधरा सेकंद: चाळीस फेऱ्या, प्रत्येकाच्या वाट्याला दोन थापा. बोललेले शब्द शून्य.

तोच खेळ बाकावर आणा. जोडीत सहा छोटी कार्डं उताणी, दोघांचे हात डोक्यावर. तुम्ही शब्द म्हणायचा, कार्डावर आधी हात ठेवणाऱ्याने शब्द म्हणून कार्ड घ्यायचं. आता त्याच दहा मिनिटांत प्रत्येक मूल चाळीस वेळा ऐकतं, आणि शब्द सांगायची पाळी नंतर जोडीतल्या एकाकडे देता येते. सहा कार्डं संपली की पुन्हा मांडा. एकाच मुलाला सगळी कार्डं जात असतील तर जोड्या बदला: चपळ मुलं चपळ मुलांबरोबर. फळ्यावरची शर्यत हवीच असेल तर शेवटची तीन मिनिटं घ्या, रेघ फळ्यापासून दोन मीटरवर आखा म्हणजे दोघं एकमेकांवर आदळणार नाहीत, आणि शब्द मागच्या रांगेने ओरडायचा.

चुकलेल्याला बाद करणारे खेळ मात्र टाळाच. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच पहिल्या मिनिटाला भिंतीला टेकून उभा राहतो. गुण द्यायचेच असतील तर सगळा वर्ग एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या: वर्गाला आठवलं तर त्यांना गुण, नाही आठवलं तर तुम्हाला.

शब्दपट्ट्या आणि पेटी

चित्र बघून तीन सेकंदांत शब्द येऊ लागला की त्याची पट्टी काढा. आधी चित्राखाली पट्टी लावणं, मग 'जोड्या लावा'मध्ये चित्र-चित्र ऐवजी चित्र-पट्टी. मुलं पहिलं अक्षर बघून अंदाज ठोकतात; त्यांना ते करता येऊ नये म्हणून 'कॅट', 'कप' आणि 'कार' या तिघांच्या पट्ट्या मुद्दाम शेजारी ठेवा. तिन्ही 'सी'नेच सुरू होतात, मग शेवटपर्यंत वाचावंच लागतं.

उजळणीसाठी तीन कप्प्यांची पेटी पुरते. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलेल्या पेटीचं हे छोटं रूप आहे. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली दोन-तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. तासिकेची पहिली पाच मिनिटं त्या दिवशीच्या कप्प्याची. कार्ड पुढच्या कप्प्यात जाणार की नाही, हे वर्गाच्या एकसुरी गजरावरून ठरवू नका. गजर सात-आठ मुलं करतात, बाकीची ओठ हलवतात. रोज वेगवेगळ्या चार मुलांना एकेकट्याला कार्ड दाखवा. तिघांना तीन सेकंदांत आलं तर पुढे, नाहीतर पहिल्या कप्प्यात परत. तिसऱ्या कप्प्यातून सलग तीनदा पास झालेलं कार्ड पेटीबाहेर काढा, पण फेकू नका. पुढच्या वेळी नवा खेळ समजावायचा असेल तेव्हा तीच कार्डं लागतात.